उंबऱ्यावरचा खर्ज

मी एक जुना ट्युबा आहे, आणि मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही. खुंटीला टांगलेल्या वस्तूने असं म्हणावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण माझ्या पोटात पितळेची जी लांबलचक नळी वेटोळं घालून बसली आहे ना, तिच्यात हवा सारखी हिंडत असते. दार उघडलं की हिंडते. शेजारचं कुत्रं भुंकलं की हिंडते. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर बोटांनी दाबायच्या माझ्या कळा आपसूक थरथरतात. कुणीतरी येईल, मला उतरवेल, पट्टा खांद्यावर घेईल आणि चालू पडेल, याची वाट बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. तरी वाट बघायला मी अजून शिकलो नाही.

तुमच्याकडच्या वरातीत बँडवाल्यांच्या मागच्या रांगेत एखादा गडी भलामोठा कर्णा छातीशी धरून चालताना तुम्ही पाहिला असेल. मी त्याच्याच भावकीतला. सगळी मंडळी ट्रम्पेटवाल्याकडे बघतात. माझ्याकडे मुलं तेवढी बघतात, आणि तीही माझ्या कर्ण्यात अक्रोड टाकायला.

माझा जन्म उत्तरेकडच्या चेक मुलखातला. ज्या कारागिराने मला ठोकून आकार दिला, त्याची बायको त्या दिवशी बाळंत व्हायची होती. तो एक हातोडा मारी आणि दाराकडे बघी, दुसरा मारी आणि पुन्हा दाराकडे बघी. माझा शेवटचा सांधा जोडून तो एप्रनसकट घराकडे पळाला. मला वाटतं, माझ्यातली ही चुळबुळ त्यानेच माझ्यात ठोकून ठेवली. मुलगा झाला की मुलगी, ते मला कधीच कळलं नाही, आणि अजूनही मधूनच त्याची रुखरुख लागते.

तिथून मी लष्कराच्या बँडमध्ये गेलो. हुकूम झाला की वाजायचं, हुकूम झाला की थांबायचं. एका पावलाइतकं संगीत, मग पुन्हा एक पाऊल. पुढे लष्कराने नवे ट्युबे आणले आणि मला भंगारात काढलं. त्या भंगारातून सर्बियाच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्या जेमाइल नावाच्या रोमा जमातीच्या, म्हणजे जिप्सी, वाजंत्र्याने मला उचललं, आणि बदल्यात आपली घोडी देऊन टाकली. त्याची आई दारात उभी राहून कपाळावर हात मारत म्हणाली, "अरे करंट्या, घोडी निदान शिंगरू तरी देते! हा काय देणार?"

"लग्नं देईल, आई," जेमाइल म्हणाला.

आणि खरोखरच दिली. डोंगराच्या उतारावरच्या त्या मोहल्ल्यात घराघरात कोणी ना कोणी वाजवणारा होता. बारसं असो की मयत, फौजेत निघालेला पोरगा असो की घरी परतलेला, आमच्याशिवाय पान हलत नसे. मला तिथे आवडलं, कारण तिथे कुणी एका जागी बसतच नसे.

आता खर्जाविषयी थोडं सांगतो, कारण माझी सगळी कहाणी त्याच्यावरच उभी आहे. खर्ज वाजवणं म्हणजे जोराने फुंकणं, असा बहुतेकांचा समज असतो. भांडं मोठं, म्हणून ताकदही मोठी लागत असेल! साफ चूक. वरच्या सुरांना ओठ आवळावे लागतात, हवा बारीक आणि वेगाची लागते. खर्जाला सगळं उलटं. ओठ सैल, जबडा खाली, घसा उघडा, आणि हवा पुष्कळ पण सावकाश सोडलेली. माझ्या तोंडाशी जी पितळी वाटी आहे, ती ओठांना नुसती टेकवायची. दाबली की संपलं. दाबली की माझा खालचा सूर फाटतो, आणि माझ्या घशातून म्हशीने खोकावं तसा आवाज येतो.

जेमाइलने आपल्या धाकट्या मुलाला, रुस्तेमला, हे कसं शिकवलं ऐका. हिवाळ्यात त्याला खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाला, "शोरबा गार करायला फुंकतोस ना, तो वरचा सूर. आणि काच धुरकट करायला तोंड उघडून श्वास सोडतोस, तो खालचा. आधी ही काच धुरकट कर. ट्युब्याला मग हात लाव."

रुस्तेमने तो सगळा हिवाळा काचा धुरकट करण्यात घालवला. आई चिडायची. "माझ्या काचा पुसायला कोण येणार? तुझा ट्युबा?" मी खुंटीवर नुसता तळमळत होतो. पण पुढच्या वसंतात त्याने मला तोंडाशी घेतलं आणि तोच उबदार श्वास माझ्यात सोडला, तेव्हा मित्रांनो, माझ्या सर्वांत खालच्या सुराला पहिल्यांदा जाग आली. लष्करातल्या एवढ्या वर्षांत तो कुणाच्या हाती लागला नव्हता, आणि जेमाइललाही इतक्या खोल कधी सापडला नव्हता. खिडकीची तीच काच झणझणली, आणि रुस्तेमच्या आईने काच पुसायचं फडकं बाजूला ठेवलं.

आमच्या मोहल्ल्यात एक रीत आहे. डोंगराखालच्या गावातही ती नाही. नवरी बापाच्या घराचा उंबरा ओलांडते, तेव्हा सगळे ट्रम्पेट आणि ढोल थांबतात. फक्त ट्युबा एकच खालचा सूर धरतो. तो सूर चालू असताना तिने उंबरा ओलांडायचा आणि मागे न बघता फाटकापर्यंत जायचं. बायका म्हणतात, पोरीने पायाखाली जमीन घेऊन निघावं. सूर मध्येच फाटला तर त्या एकमेकींकडे बघतात, आणि त्या बघण्यात सगळं आलं. मी अशा कितीतरी पोरी फाटकापर्यंत पोचवल्या आहेत. स्वतः मात्र फाटकाशीच थांबलो, आणि पुढे त्यांचं काय झालं या विचाराने अस्वस्थ झालो.

जेमाइल गेला. बँडचा म्होरक्या त्याचा थोरला मुलगा फेयात झाला. ट्रम्पेट त्याच्याकडे, मी रुस्तेमकडे. वय वाढलं तसे रुस्तेमचे दात पडू लागले. एकेक दात गेला की आम्ही दोघं नवी जागा शोधायचो, वाटी थोडी डावीकडे, थोडी खाली. समोरचे चार दात उरले, तरी खर्ज हलला नाही.

मग रुस्तेमच्या एकुलत्या एका मुलीचं, सालियाचं, लग्न ठरलं. मुलगा खालच्या गावातला. त्याचा बाप बायराम मोठ्या ऐटीचा माणूस होता. इस्त्रीचा सूट आणि छातीच्या खिशात पांढराशुभ्र रुमाल. रुस्तेमची बायको हायरिया त्याला बघून आली आणि नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हाताऱ्या, लग्नाचे फोटो निघतील. तू हसलास तर पडकं कुंपण दिसेल. कवळी करून घे."

"मी हसणारच नाही."

"पोरीच्या लग्नात हसणार नाहीस? मग व्याही म्हणेल, मुलगी देताना यांच्या जिवावर आलंय!"

हायरियापुढे कुणाचं काही चालत नसे. रुस्तेमने उरलेले चार दात काढले आणि कवळी बसवली. तुमच्याकडे म्हणतात ना, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. इथे मुलीचं लग्न आलं, दातही आले आणि खर्ज गेला.

साखरपुड्याला बायराम व्याह्याचं तोंड निरखत म्हणाला, "व्याहीबुवा, या वयात असे दात! स्वतःचे का हो?"

आणि रुस्तेमने काय उत्तर द्यावं? छाती काढून म्हणाला, "आमच्या घराण्यात कुणाचे दात पडत नाहीत."

हायरियाला ठसका लागला. फेयातने ट्रम्पेट पुसायला घेतला. मला तर तेव्हाच खुंटीवरून उडी मारावीशी वाटली.

त्या दिवसापासून आमचं बिनसलं. वरची कवळी जरा सैल होती. जबडा खाली सोडला की ती निसटू बघे, म्हणून रुस्तेम दातावर दात आवळून वाजवू लागला. आवळलेल्या जबड्यातून उबदार हवा यायची कुठून? खालच्या सुराला हात घातला की तो फाटायचा. मग रुस्तेम आणखी जोर करायचा, वाटी आणखी दाबायचा. त्याच्या ओठांवर लाल कडं उमटायचं आणि माझ्यातून नुसती खरखर यायची. मला सगळं कळत होतं. पण माझं तोंड दुसऱ्याच्या श्वासावर चालतं. मी कुणाला सांगणार?

रुस्तेमला वाटलं, दोष माझाच. नाचता येईना, अंगण वाकडं! त्याने माझ्या कळांना तेल घातलं, थुंकी काढायच्या झडपेचं बूच बदललं, माझ्या पोटातल्या नळ्या खेचून खेचून लांबवल्या. जुन्या वरातींमध्ये पडलेले माझे पोचे ठोकून काढले. त्या पोच्यांवर माझं प्रेम होतं हो. प्रत्येक पोचा म्हणजे एक लग्न होतं. पण सूर काही आला नाही.

वसंतातला ज्युर्ज्येवदानचा सण आला. दारोदारी विलोच्या हिरव्या फांद्या लागल्या, अंगणात कोकरं भाजायला लागली, आणि आमचा बँड चौकात उभा राहिला. नाचणाऱ्यांनी हात धरून फेर धरला. रुस्तेम खालचे सूर सोडून वरच्या सप्तकात वाजवू लागला, म्हणजे कुणाला कळणार नाही! मित्रांनो, कानांना कदाचित नाही कळलं, पण पायांना लगेच कळलं. फेर डळमळला. पावलं पुढेमागे पडू लागली. एक म्हातारी तर फेरातून बाहेर येऊन म्हणाली, "फेयात, आज जमीन कुठे गेली रे?"

फेयात थोरला भाऊ खरा, पण म्होरक्याही होता. वाजवणं संपल्यावर तो रुस्तेमजवळ येऊन बसला.

"लग्नाला उंबऱ्यावर माझा नेजात वाजवेल," तो हळूच म्हणाला.

"माझ्या पोरीच्या लग्नात?"

"तुझ्याच पोरीच्या लग्नात. सूर फाटला तर बायका काय बोलतील ते तुला माहीत आहे. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही घेत," असं म्हणून रुस्तेम उठला आणि मला शेडमध्ये नेऊन मिरच्यांच्या माळांखाली ठेवून आला. मला खुंटीसुद्धा मिळाली नाही. दर सकाळी फेयातचा मुलगा नेजात यायचा. तो भरदार अंगाचा, तिशीचा, मालमोटारीची चाकं बदलणारा गडी होता. गाल फुगवून असा काही फुंकायचा की मिरच्या हलायच्या. आवाज मोठा होता, पण खर्ज नव्हता. नेजातचा स्वभाव गोड, म्हणून मला त्याचा राग येत नसे. पण माझा जीव टांगणीला लागला होता. लग्न जवळ येत होतं, आणि जो सूर मी पहिल्यांदा रुस्तेमच्या श्वासात ऐकला, तो त्याच्या पोरीला मिळणार नव्हता.

लग्नाच्या आदल्या दुपारी सालिया शेडमध्ये आली. हातात मऊ फडकं होतं. रुस्तेम दारातच लाकडं रचत बसला होता. तिने माझ्या कर्ण्यावर तोंड उघडून श्वास सोडला, पितळ धुरकट झालं, आणि ती पुसू लागली. पुन्हा श्वास, पुन्हा फडकं. रुस्तेम बघतच राहिला. मग उठला, शेडच्या खिडकीपाशी गेला आणि बापाने शिकवलं होतं तसं तोंड उघडून काचेवर श्वास सोडायला गेला. जबडा खाली आला तशी वरची कवळी टपकन खाली आली. त्याने ती कशीबशी ओठांत पकडली.

सालिया खळखळून हसली. मग बापाचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं.

"बाबा, हे दात आडवे येतात?"

रुस्तेमने मान हलवली.

"मग उद्या काढून ठेव ना."

"बायरामसमोर? त्याला मी काय सांगून बसलोय ते ऐकलंस ना तू? साऱ्या गावासमोर हसतील लोक. तुझ्या सासरी तुलाच टोमणे बसतील." तो पुन्हा लाकडांकडे वळला. "आणि दातच नसतील तर वाजवणार तरी कशाच्या आधारावर? नेजात वाजवेल. चांगला पोरगा आहे."

सालियाने माझा कर्णा पुसून संपवला आणि फडकं माझ्या कळांवर तसंच टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. फेयातचे ट्रम्पेट सकाळपासून छप्पर उचलत होते. बायरामची मंडळी तिकडच्या लग्नातल्या रिवाजाप्रमाणे छातीवर सुवासिक रोझमेरीच्या काड्या लावून आली. रुस्तेम सूट घालून, पांढरे दात दाखवत, सगळ्यांशी हात मिळवत होता. मी नेजातच्या खांद्याला लटकलो होतो आणि त्याच्या छातीची धडधड माझ्या पत्र्याला लागत होती. बिचारा घाबरला होता.

सालिया दारात आली. फेयातने हात वर केला. ट्रम्पेट थांबले, ढोल थांबला. नेजातने गाल फुगवले आणि वाटी ओठांवर दाबली.

सूर निघाला आणि फाटला.

नेजातने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. अंगणात कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सालियाचा पाय उंबऱ्याच्या आतच होता. ती ना पुढे आली, ना मागे गेली. नुसती बापाकडे बघत उभी राहिली.

"काका," नेजात रडकुंडीला येऊन म्हणाला, "मला नाही जमत."

मित्रांनो, माझ्या नळीत त्या क्षणी जेवढी हवा होती ती सगळी रुस्तेमच्या दिशेने धावली, असं मला वाटलं. तो आला. त्याने नेजातच्या खांद्यावरून मला उतरवलं आणि आपल्या गळ्यात घेतलं. वाटी ओठांना लावली, जबडा सोडला, आणि कवळी खट्कन वाटीवर आपटली. तो खट् अंगणभर ऐकू गेला. बायरामने मान वर केली.

रुस्तेमने तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली. गळ्यात मी, एका हातात दात, आणि नव्या सुटाचे खिसे शिंप्याने टाके घालून बंद केलेले, ते अजून कुणी उसवलेच नव्हते. सर्वांत जवळ बायराम उभा होता. रुस्तेमने त्याच्या छातीच्या खिशातला पांढराशुभ्र रुमाल ओढून काढला, दात त्यात ठेवले आणि पुरचुंडी त्याच्या हातात दिली.

"धरा, व्याही," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "आमच्या घराण्याचे आहेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हायरियाने तोंडावर ओढणीचं टोक घेतलं. पण रुस्तेम कुणाकडे बघत नव्हता. त्याने वाटी ओठांना नुसती टेकवली. आवळायला आता काही उरलंच नव्हतं, दाबायलाही नव्हतं. त्याने जबडा सोडला आणि लहानपणी काचेवर सोडायचा तसा श्वास माझ्यात सोडला.

आधी नुसती हवा आली. ती माझ्या सगळ्या वळणांतून फिरली, उबदार आणि सावकाश. आणि मग तो सूर आला. मोठा नव्हता, जरा जाडाभरडा, कडेने फुरफुरणारा. पण खाली होता, अगदी तळाशी होता. घराच्या काचा झणझणल्या, अंगणातल्या टेबलांवरचे पेले हलले. सालियाने उंबरा ओलांडला. मी तिच्या पायाखाली होतो, मित्रांनो, हे मला तसं कळलं जसं तुम्हाला तुमच्या पायाखालचं कळतं. ती फाटकाकडे चालत गेली, मागे न बघता. रुस्तेमचे डोळे वाहत होते, ओठांच्या कडांतून पाणी गळत होतं, आणि माझ्यातला सूर हलत नव्हता. ती फाटकाबाहेर पडली, तेव्हाच त्याचा श्वास संपला.

मग एकच गलका झाला. फेयातचा ट्रम्पेट, ढोल, गाड्यांचे भोंगे. बायराम हातात पुरचुंडी घेऊन डोळे पुसायला रुमाल शोधत होता आणि रुमाल तर त्याच्या हातातच होता. त्या गडबडीत त्याने ती पुरचुंडी छातीच्या खिशात कोंबली आणि वरातीबरोबर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावातून फोन आला. बायराम स्वतः फोनवर होता. "व्याहीबुवा, तुमच्या घराण्याचे दात माझ्या घरी राहिलेत. घेऊन येऊ का?"

रुस्तेमने माझ्याकडे बघितलं. मग बोळकं तोंड पसरून हसला आणि म्हणाला, "राहू द्या तिथेच. पोरीला सांगा, कपाटात ठेव. सासरी बापाचं काहीतरी असावं."

ते अजून तिथेच आहेत. सालिया सणाला माहेरी आली की सांगते, तिच्या मुलांना ती कवळी दाखवावीच लागते. रुस्तेम मात्र पुन्हा शोरबाच पीत राहिला, आणि जोवर छातीत श्वास होता तोवर मोहल्ल्यातल्या पोरींना फाटकापर्यंत पोचवत राहिला. आता मला नेजात वाजवतो. लग्नानंतरच्या हिवाळ्यात तो आपणहून आला होता आणि रुस्तेमच्या खिडकीपाशी एवढा मोठा गडी तोंड उघडून उभा राहिला होता. हायरियाने त्याच्या हातात फडकं दिलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं वाद्य टांगलेलं असेल, किंवा एखादं माणूस कोपऱ्यात गप्प झालेलं असेल. ते वाजेनासं झालं म्हणून लगेच त्याला ठोकायला घेऊ नका, आणि जोर तर मुळीच करू नका. आधी आपला जबडा कशासाठी आवळलाय ते बघा. आणि मला जर कधी हातात घेतलंत, तर त्या आधी खिडकीपाशी उभे राहा आणि काचेवर एक उबदार श्वास सोडा. ती काच धुरकट झाली ना, की लवकर या. मी वाट बघतोय, आणि मला ते जमत नाही.